आशियाची न खेळणारी कॅप्टन

"अहो भूतान, जिना आत्ताच पुसलाय. चपला हातात घ्या!"

बिबवेवाडीत राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी शेजारून हे ऐकलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. पाठोपाठ आलं, "ओ इराण, तुमचं दूध उतू चाललंय!" शेजारी दूतावास निघालाय की काय म्हणून कुंपणावरून डोकावले, तर गाऊनवर ओढणी घेतलेल्या मालतीकाकू जिन्याखाली उभ्या. वरच्या सहा खोल्या त्यांनी परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या, आणि त्या एकालाही नावाने हाक मारत नसत.

"नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत," त्यांनी मला सांगितलं. "आणि देशाला अरे-तुरे कसं करणार? म्हणून अहो."

समोरच्या घरात पुष्पाआत्या राहायच्या. काकूंची सख्खी नणंद. घरं दोन, अंगण एक, आणि दोघींमध्ये बारा वर्षांचा अबोला. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला चाळीस पानं बसलेली असताना आत्यांनी मोठ्यांदा विचारलं होतं, "वहिनी, आमटीत मीठ घालायचं राहिलं, का मुद्दामच नाही घातलं?" बस्स. तेव्हापासून अंगणाच्या मध्यापलीकडे दोघींपैकी एकीचंही पाऊल पडलं नव्हतं. निरोप असला की काकूंचे यजमान, म्हणजे आत्यांचे भाऊ अण्णा, फाटकातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालून समोर जायचे. सरळ अंगणातून गेले तर बायको रागावणार, नाही गेले तर बहीण. माणूस त्या वळशातच वाळला, असं मला आपलं वाटतं.

काकूंनी परदेशी मुलं ठेवली म्हटल्यावर आत्याही मागे कशाला राहतील? त्यांनी टांझानिया, केनिया, सुदान असं करत करत आफ्रिका भरली. मुलांना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. शेवग्यापासून विजेच्या खांबापर्यंत अंगणाच्या बरोब्बर मध्यावर नेट बांधून ती रोज संध्याकाळी मिसळून व्हॉलीबॉल खेळायची. हे मिसळणं काकूंच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यातच एकदा टीव्हीवर त्यांनी टेनिसचा सामना पाहिला. एका बाजूला अख्खा युरोप, दुसऱ्या बाजूला उरलेलं जग.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. "एवढा युरोप एका रंगाच्या बनियनमध्ये मावतो, मग आपला आशिया का नाही? रविवारी आशिया विरुद्ध आफ्रिका. मंजू, तू अंपायर. खराडीच्या ऑफिसात दिवसभर बसूनच असतेस, जरा उभी राहा."

"आणि काकू, आशियाच्या टीममध्ये भारत कुठे आहे?"

"भारत मी आहे. न खेळणारी कॅप्टन."

अण्णा वळसा घालून आव्हान देऊन आले आणि वळसा घालून उत्तर घेऊन आले. आत्या आफ्रिकेच्या कॅप्टन झाल्या. जन्म पुण्यातला, नाशिकच्या पुढे कधी गेल्या नाहीत, पण रविवारी सकाळी खुर्ची टाकून अशा बसल्या, की जणू नाईल नदी त्यांच्याच नळाला येते.

घोळ झाला तो करीमवरून. करीम इजिप्तचा, पण राहायला काकूंकडे. आत्यांचा एक मुलगा शिक्षण संपवून गेल्याने आफ्रिका पाचच उरली होती, म्हणून त्यांनी करीम मागितला. काकू म्हणाल्या, "जो माझ्या गिझरचं पाणी वापरतो तो आशिया." अण्णांच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी काकूंनी शाळेतला नकाशा आणला, सुएझ कालव्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "अहो इजिप्त, तुमचं घर याच्या अलीकडे का पलीकडे?"

"काकू, कैरो," करीम घाबरत म्हणाला. बोट पलीकडे गेलं. मला वाटलं, आता काकू हरल्या. पण त्यांनी शांतपणे नकाशा मिटला.

"मग कॉमन करा. गल्लीत एक भिडू जास्त झाला की काय करतात? दोन्हीकडून खेळतो. ज्याची सर्व्हिस, त्याचा इजिप्त."

सामना सुरू झाला आणि करीमचे हाल सुरू झाले. सर्व्हिस बदलली की बिचारा नेटखालून वाकून पलीकडे, पुन्हा बदलली की अलीकडे. स्वतःच मारलेला बॉल उचलायला स्वतःच धावायचा. काकू ओरडायच्या, "अहो नेपाळ, उडी मारा की, हिमालयात काय बसून होतात?" पलीकडून आत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "अंपायरबाई, चष्मा घरी राहिला का?" दोघी माझ्याशी बोलत होत्या, अण्णांशी बोलत होत्या, बॉलशीसुद्धा बोलत होत्या. एकमेकींशी नाही.

मध्ये सुट्टी झाली. काकूंनी आशियाला आमटी-भात दिला. करीमला मात्र मोठी वाटी भरून नुसती आमटीच दिली. शेवटची सर्व्हिस आफ्रिकेची होती, त्यामुळे नियमाचा पक्का करीम वाटी सांभाळत नेटखालून गेला आणि आत्यांच्या पायरीवर जाऊन बसला. आत्या वाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी करीमच्या हातातून चमचा काढून घेतला, वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"वहिनी," आत्या नेटपलीकडून म्हणाल्या, "मीठ आहे हो."

"तेव्हाही होतं, वन्सं."

"तेव्हा मला दोन दिवस ताप होता. तोंडाला चव नव्हती."

"मग तसं सांगायचं!"

"तुम्ही विचारलंत का?"

आणि त्या पुढे जे भांडल्या, ते अर्धा तास. बारा वर्षांचं साठलेलं, दोन्ही खंड भिंतीला टेकून ऐकत होते. अण्णा रडत होते. खोटं कशाला सांगू, मीही रडले. सामना कोण जिंकलं ते मी लिहून ठेवलंच नाही.

नंतर एकदा काकूंबरोबर शेंगा सोलत बसले होते, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "ती करीमची सहावी खोली बघायला आधी कोरिया आला होता. चांगला मुलगा. परत पाठवला."

"का हो?"

"कोरिया कॉमन होत नाही गं." आणि थोड्या वेळाने, "वाटी मुद्दाम मोठी दिली. लहान वाटी लांबून दिसत नाही."

इतकं सगळं केलं, पण समोर जाऊन दोन शब्द बोलायचे, तर ते जमलं नाही बाईला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. चार दिवसांचं आजारपण, आत्या उशाशी. यंदा मुलांनी दरवर्षीचा सामना खेळायचा की नाही असं चाचरत विचारलं, तेव्हा अण्णा उठून नेट बांधायला गेले. आशियाच्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिकडे बघायचं मी टाळत होते.

पहिली सर्व्हिस बदलली. करीम नेटखालून इकडे आला आणि त्याच्या मागे पुष्पाआत्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, त्या वाकायला लागल्या.

"आत्या, अहो गुडघे! शेवग्याकडून वळसा घालून या ना."

"वळसे बारा वर्षं घातले," त्या नेटखालूनच म्हणाल्या. "मी आता कॉमन आहे."

काकूंच्या खुर्चीत त्या टेकल्या, पदराने तोंड पुसलं, आणि ओरडल्या, "अहो नेपाळ, उडी मारा की!"