पाडव्याची पेटी आणि सुधीरचा एक्सल

पिकअपचा पुढचा एक्सल बदलण्याचा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला होता. (हे घरात अजून कुणालाही पटलेलं नाही.)

झालं असं, की माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, यंदा आंब्याची बाग माझ्या ताब्यात दिली. कायमची नव्हे, चाचणीपुरती! "पाडव्याच्या पेट्या मुंबईच्या ट्रकात वेळेवर चढल्या, तर बाग तुझी. नाहीतर मी आहेच." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसलो होतो, आणि ती बाग मला मनापासून हवी होती.

आमचं घर बागेतच, रत्नागिरीपासून आत, कातळावर. घरापासून डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत दोन किलोमीटर नुसता जांभा, खड्डे आणि धोंडे. पिकअपची पुढची चाकं सुटी सुटी, प्रत्येक चाक आपापल्या मर्जीनं वरखाली होणार. डांबरावर ऐष! कातळावर मात्र चाक धरणारा लोखंडी हात मोडायचा. जानेवारीत डावा मोडला, फेब्रुवारीत उजवा.

"भाऊजी, हे विभक्त कुटुंब काढून टाका," माझा मेव्हणा सुधीर म्हणाला. सुधीर देवरूखला खिडक्यांची ग्रिलं करतो. "दोन्ही चाकांना आरपार एकच सॉलिड एक्सल टाकू, खाली स्प्रिंगचे पाटे. एकत्र कुटुंब! हत्ती नाचला तरी मोडायचं नाही."

"तू आधी कधी केलंयस हे?"

"वेल्डिंग ते वेल्डिंग, भाऊजी!"

शहाण्या माणसानं इथंच हात जोडले असते. मी त्याला चहा दिला.

सुधीरनं भंगारातल्या जीपचा एक्सल आणला आणि तीन आठवडे आमच्या अंगणात ठिणग्या पाडल्या. काम संपलं तेव्हा गाडीचं नाक इतकं वर गेलं होतं, की माझ्या बायकोला, मीनाला, आत चढायला स्टूल लागलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, गाडीपुढं नारळ फोडला, पंचवीस पेट्या चढवल्या. ट्रक फाट्यावर अकराला येणार होता. दहा वाजता मी झोकात बसलो आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी डावीकडे गेली आणि कुंपणाच्या गडग्याचे चार दगड पाडून थांबली.

"सुधीर!!"

सुधीर गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते.

"भाऊजी, बारीकसा प्रॉब्लेम आहे. स्टिअरिंगचा दांडा एक्सलच्या मागून जोडायचा होता. मी पुढून जोडलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे उजवीकडे फिरवलंत की डावीकडे जाणार."

"मग सरळ कर!"

"दोन दिवस लागतील. तोवर उलटं फिरवा की! आरशात बघून भांग पाडता, तसं." (मला टक्कल आहे. सुधीरला ते वीस वर्षं दिसतंय.)

मी प्रयत्न केला. डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं! शंभर फुटांत मी एक कलम सोललं, पाण्याच्या हौदाला पोचा आणला आणि मीनाचा पाठलाग केला.

"अहो, माझ्या अंगावर काय आणताय!"

"मी तुझ्यापासून लांबच वळवतोय!"

शेवटी चाक चरात गेलं. साडेदहा वाजले होते. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं. बाग गेली होती.

सुधीर आणि गड्यांनी गाडी ढकलून वर काढली, तेवढ्यात अण्णांनी गाडीचं दार उघडलं.

"उतर, शिंच्या! गाडी कधी उलटी वळते काय? तूच उलटी चालवतोस." स्टूल घेऊन ते चढले. मी शेजारी बसलो. अण्णा उंचीनं बेताचे. बॉनेटपलीकडे त्यांना फक्त आभाळ दिसत होतं.

"वाट कुठं वळते तेवढं सांग. बाकी अक्कल शिकवू नकोस."

पहिलं वळण आलं. "डावीकडे!" मी ओरडलो.

अण्णांनी स्टिअरिंग उजवीकडे मारलं. माझं म्हणणं त्यांनी कधी मानलंय! गाडी अलगद डावीकडे वळली.

"बघ. तुझं ऐकलं असतं तर गेलो असतो चरात," अण्णा म्हणाले.

आणि हे अक्षरशः खरं होतं! पुढचे दोन किलोमीटर मी खरी दिशा सांगत गेलो आणि अण्णा निष्ठेनं तिच्या विरुद्ध फिरवत गेले. पाट्यांच्या दणक्यांनी माझी दाढ हलली, पण गाडीनं वाट सोडली नाही. अकराला पाच कमी असताना आम्ही फाट्यावर होतो. पंचवीसच्या पंचवीस पेट्या ट्रकात चढल्या.

अण्णा घाम पुसत होते. मला वाटलं, किल्ली सापडली! या माणसाकडून हवं ते करून घ्यायचं, तर उलटं बोलायचं. मी चेहरा पाडला.

"अण्णा, मला काही हे जमायचं नाही. बाग तुम्हीच सांभाळा."

अण्णांनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं बाबा. तू म्हणतोस तसंच करू."

अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी माझं ऐकलं, ते हे एवढंच!