बोर्डिंगाचं मडकं

माझ्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मी दोन पातेली भात घालून मोडलं. भात दोन्ही वेळा चांगला शिजला होता, हे आधीच सांगून ठेवते.

लढाईचे दिवस होते. आमचे हे पलटणीत, आणि मी तासगावजवळच्या सासरी नवी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावच्या महिला मंडळाच्या मुख्य. तालुक्याच्या बोर्डिंगात शिकणाऱ्या गरीब पोरांसाठी धान्य जमवणं हे मंडळाचं काम. त्यासाठी घरोघरी एक वेगळं मडकं असे. स्वयंपाकाला लागण्याआधी त्यात रोज एक मूठ धान्य टाकायचं आणि महिनाअखेर मंडळाच्या बायका ते गोळा करून न्यायच्या. आमच्या घरी मूठ टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा पंजा मोठा. (माहेरी याच पंजाला सगळे नावं ठेवायचे.)

बाकीच्या घरांतून ज्वारी, बाजरी यायची. आत्याबाईंना ते पटत नसे. दुसऱ्याच्या पोराला द्यायचं तर घरातलं चांगलं द्यावं, म्हणून कंट्रोलच्या दुकानात जो काही मोजका तांदूळ मिळे तो सगळा त्या मडक्यात जायचा. आम्ही दोन्ही वेळा भाकरी खायचो. मामंजी भाताच्या आठवणीनं व्याकूळ होत, पण आत्याबाईंपुढे बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. (तशी ती गावात कुणाचीच नव्हती.)

नणंदेचं नाव तारा. दोन ठिकाणांहून नकार आलेला, आणि आता वाईच्या एका शाळामास्तराचं स्थळ. तिथल्या मावशीकडे गेली असताना नदीच्या घाटावर तिनं त्याला एकदा ओझरतं पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर ती महिनाभर विहिरीवर गाणी म्हणत होती.

पाहुणे गुरुवारी यायचे, ते मंगळवारीच मोटारीतून उतरले. मास्तर आणि त्याचे वडील तात्या. नेमका तो धान्य गोळा करायचा दिवस, आणि आत्याबाई गावाच्या पार त्या टोकाला. मामंजी धापा टाकत चुलीपाशी आले.

"सूनबाई, भात टाका."

"मामंजी, तांदूळ न्हाई घरात. भाकरी हाय, वांग्याचं कालवण हाय."

"वाईची माणसं हायती ती. पोरीच्या लग्नाची बोलणी भाकरीवर करायची व्हय?"

ते गेल्यावर मी आणि तारानं एकदमच कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिलं.

"वैनी, आपलं घर सगळ्यात शेवटी येतंय," तारा म्हणाली. "तवर पाटलीणबाईंकडनं उसनं आणून भरू."

"वन्सं, आत्याबाईंना कळलं तर?"

"कळतंय कशाला?"

तिच्या तोंडाकडे पाहून मला नाही म्हणवेना. मी मडक्यात हात घातला. (पंजा मोठा, हे सांगितलंच.)

पाहुण्यांनी भाताची तारीफ केली. मास्तरांनी दुसऱ्यांदा घेतला. तारा वाढायला गेली तेव्हा तिसऱ्यांदाही घेतला, आणि तो काही भुकेपोटी नव्हता. सगळ्यांत जास्त जेवले आमचे मामंजी. मला मडकं खरवडून दुसरं पातेलं चढवावं लागलं.

इकडे पाहुणे आल्याची बातमी आत्याबाईंपर्यंत पोचली होती. आमच्याकडे शेवटी यायचं सोडून त्या चार बायका आणि पोतं घेऊन तडक घरी आल्या. पानावर बसलेल्या तात्यांना पाहून त्यांना भरून आलं.

"बरं झालं, आजच आलासा. आमच्या घरची रीत तरी बगाय मिळंल. सूनबाई, मडकं आणा."

"आत्याबाई, जेवणं झाल्यावर आणलं तर..."

"आत्ता आणा."

मी ते जड असल्यासारखं वाकून आणलं. तेवढंच नाटक मला जमलं. आत्याबाईंनी फडकं सोडून मडकं पोत्याच्या तोंडाशी उपडं केलं. थोडा कोंडा पडला आणि मागून एक खडा. मामंजींनी नेमकी तेव्हा ढेकर दिली.

तात्यांनी मडक्याकडे पाहिलं, मग आपल्या पानाकडे. ते उठले आणि हात धुऊन आले. आवाज मुळीच चढवला नाही.

"आक्का, आमच्या आळीत मी बी असंच मडकं फिरवतो. ह्या घरची माणसं सोता भाकरी खात्यात आन् भात पोरांस्नी देत्यात, असं ऐकलं हुतं. म्हणून तर आलो. तुमची भाकरी खायाला आलो हुतो."

मास्तरांनी दाराआडच्या ताराकडे एकदा पाहिलं आणि बापामागून निघून गेले.

पुढे वाईहून बोर्डिंगात पोतंभर तांदूळ आला. आमच्याकडे काही आलं नाही. आत्याबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "भाकरी तयार हुती न्हवं?"

"व्हय."

"मग?"



ताराचं लग्न पाटणकडे झालं. माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. पण माहेरी आली की विहिरीवर जाते आणि मुकाट्यानं पाणी घेऊन येते. ती गाणी मी घालवली, याचं मला फार वाईट वाटतं. तिनं मला कधी बोल लावला नाही. तिच्या सासरी भातच पिकतो, तिन्ही त्रिकाळ तोच खाते. आमच्याकडे आली की पाय धुता धुता म्हणते, "वैनी, भाकरी टाका."

मी लगेच परात ओढते. या पंजाची भाकरी चांगली ताटाएवढी होते. त्या दिवशी चुलीपाशी तयार होती, तेवढी मात्र वाढायची राहिली.