आजोबांची खीर, शेजारच्या देव्हाऱ्यात

ओसाकातल्या आमच्या इमारतीत कावळ्यांना खायला घालायला सक्त मनाई आहे. त्यामुळे सर्वपित्रीला आजोबांचं पान बाल्कनीत ठेवता येईना. आई फोनवर म्हणाली, "शेजारी कुणी म्हातारं माणूस आहे ना? त्याला खीर दे. पोचते." तेव्हापासून दरवर्षी शेजारच्या जपानी आजींकडे वाटीभर खीर नेतो.

इथे घरी आलेला खाऊ आधी घरातल्या गेलेल्यांपुढे ठेवतात. आजींनीही वाटी देव्हाऱ्यात आपल्या थोरल्या बहिणीच्या फोटोपुढे ठेवली, छोटी घंटा वाजवली. मला बरंच वाटलं होतं.

एका वर्षी त्यांनी आपणहून सांगितलं. युद्ध हरल्यावर त्यांच्या बंदराच्या गावात परदेशी फौजा आल्या. बहीण तेव्हा सतरा वर्षांची. रताळी घेऊन येताना सैनिकांनी तिला रस्त्यावरून ओढून नेलं, तिच्यावर बलात्कार केला.

"आई म्हणाली, पडली म्हणून सांगा. मी शाळेत तेच सांगितलं," आजी म्हणाल्या. सैनिक कुठल्या देशाचे, ते बहीण कधी बोलली नाही.

त्या फौजांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. एकीत माझे आजोबा होते. मी चहा संपवला आणि घरी आलो. पुढेही खीर नेतच राहिलो. बंद केली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

"सांगणार कधी? पुढच्या जन्मी?" यंदा वाटी भरताना बायको म्हणाली.

आजी देव्हाऱ्याकडे वळल्या तेव्हा मी म्हणालो, "थांबा. ही माझ्या आजोबांच्या नावाची खीर आहे. ते तेव्हा तुमच्याच भागात सैनिक होते."

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "त्यांनी केलं होतं?"

"माहीत नाही. जपानचं ते काही बोलायचे नाहीत. मीही विचारलं नाही."

"विचारायचं होतंस."

"हो."

आता त्या मला जायला सांगणार, असं वाटलं. त्यांनी चमचा आणला आणि उभ्या-उभ्याच खीर खाल्ली. "तिच्यापुढे ही नको. मला चालते. गोड फार असते, दरवर्षीच. तिला दुसरं काही आण, कुणाच्या नावाचं नसलेलं."

जिना उतरून मी उगाचच कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. कितीतरी वर्षांनी छातीभर श्वास आला.

रविवारी द्राक्षं नेली. ती त्यांनी बहिणीपुढे ठेवली आणि तिचं नाव सांगितलं. तेही मी कधी विचारलं नव्हतं.