म्हशीनं तोंड न लावलेलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराचा तो दुष्काळ. थोरला भाऊ तिकडं नव्या कचेरीत लागला होता. आम्ही इस्लापूरच्या पुढं, पैनगंगेकाठी. नदीत नुसती वाळू. विहिरी आटल्या तेव्हा बाप नदीपल्याडच्या बंद कोळसाखाणीतून बैलगाडीवर टिपाड भरून पाणी आणू लागला.

काय पाणी होतं ते! आरपार तळ दिसायचा. ना शेवाळ, ना बेडूक. चवीला जरा आंबूस, पण तहानेपुढं चव कोण बघतंय! मायनं पितळी घागर त्यात विसळली तर चिंच न लावताच लख्ख झाली. "गंगाच आली की घरी," माय म्हणाली. खाणीबाहेर टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यातून ते झिरपायचं, खालचे दगड नारिंगी झालेले. बाप म्हणायचा, देवीचा शेंदूर हाय.

आमची म्हैस मात्र तोंड लावेना. हुंगायची अन् मान फिरवायची. "माजलीय!" म्हणत बाप तिला डबक्यातलं गढूळ पाजायचा.

अन् रोज चहातलं दूध फुटायला लागलं. नुसतं पिण्याइतकं दूध होतंच कुठं, चहापुरतंच निघायचं. मायनं पातेली घासली, म्हशीची दृष्ट काढली. पोटात जळजळ व्हायची, तेही दुधावरच ढकललं. शेवटी बाप म्हणाला, "अवलक्षणी हाय, इकून टाकू." मी तिच्या गळ्यात पडून रडले. पण पोरीचं कोण ऐकतंय! बाजारात व्यापाऱ्यानं तिला ट्रकात चढवली. रिवाजाप्रमाणं दावं तेवढं बापानं परत आणलं.

दुसऱ्या सकाळी शेजारणीचं दूध आणून चहा ठेवला. तोही फुटला! मायनं पातेलं पुन्हा हुंगून पाहिलं.

त्याच दिवशी भाऊ सुट्टीवर आला. कॉलेजात रसायन शिकलेला. त्यानं फुटलेला चहा पाहिला, पाणी कुठलं ते विचारलं, टिपाडातलं चाखलं अन् थूऽ करून टाकलं.

"आबा, तेजाब हाय हे! खाणीच्या त्या दगडांत लोखंड अन् गंधक असतंय. हवापाणी लागलं की बारीक जंतू त्याच्यावर जगतात, डोळ्याला दिसत न्हाईत, अन् त्यांच्यामुळं पाणी असं होतंय. शेवाळसुद्धा जगत न्हाई यात. तुम्ही हे पिऊन राहिलात? म्हशीलाबी पाजलं?"

"तिनं कुठं तोंड लावलं," माय कशीबशी म्हणाली.

"मग तीच शहाणी म्हणायची!" भाऊ हसला अन् गोठ्याकडं वळला. "कुठंय ती?"

बापाच्या हातात नुसतं दावं होतं.