अंगणाच्या कडेपर्यंत आलेली पालखी

आम्ही कोकणातले झालो ते एका बैलामुळं. माझा आजा घाटावरचा. गुळाची गाडी घेऊन रत्नागिरी बंदराकडं निघाला होता, तर हातखंब्याच्या अलीकडं त्याचा एक बैल मेला. एका बैलावर गाडी घाट चढत नाही, म्हणून इथंच राहिला. मी तेव्हा असतो तर मला जुंपून परत गेला असता. अक्कल तेवढीच, फक्त शिंगं कमी.

चिरेखाणीत लागला. लाल चिरा तासून तासून त्याची थुंकीसुद्धा लाल पडायची. लोक म्हणायचे, घाटी पान फार खातो. पान त्यानं जन्मात तोंडात घातलं नव्हतं. माझा बाप तापानं गेल्यावर आईला आणि मला त्यानंच पोसलं. मी शाळेत एकदाच गेलो, छप्पर शाकारायला. वरून पडलो, म्हणून शिक्षण अर्धवट.

वयात आलो तरी मला मुलगी मिळेना. थोबाडाचा भाग होताच, पण खरी अडचण दुसरी. शिमग्यात देवाची पालखी गावात घरोघर जाते, ती आमच्याकडं यायची नाही. आम्ही उपरे. आणि ज्याच्या दारात पालखी नाही तो गावचा नाही. त्याला मुलगी कोण देणार?

आजा गावकाराकडं गेला. गावात त्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. तो म्हणाला, "पालखी बसते ती सहाण ढासळलीय. नवा चौथरा बांधून दे, फुकट. मग येल पालखी."

आजा दिवसभर खाणीत राबायचा आणि उरलेल्या उजेडात सहाण बांधायचा. मी टोपल्या उचलायचो. एकदा चिरा घसरला आणि आजाच्या पायाची दोन बोटं चेचली. बोटं त्याची चेचली, बेशुद्ध मी पडलो. लोकांनी पाणी आणून आधी माझ्यावरच मारलं. गावकार बघायला आला नि म्हणाला, "बरा झाला. देवाच्या कामाला थोडा रगात लागतोच."

शिमगा आला. मुंबईच्या गिरणीतले चाकरमानी बोटीनं उतरले. आईनं अंगण सारवलं. आजानं कुंपणाचं बेडं सकाळीच काढून ठेवलं, देवाला उघडायचा त्रास नको म्हणून. नवं धोतर नेसून, नारळ घेऊन उभा राहिला. नव्या सहाणेवरून पालखी उठली. ढोल वाजवत अंगणाच्या कडेपर्यंत आली. आई हात जोडून रडायलाच लागली.

तिथं पालखी अडली. पुढं होई, मागं होई.

"देव जड झाला!" एक चाकरमानी ओरडला. "मागं वळतोय!"

मला गप्प बसता येतं कुठं? म्हटलं, "देव कसला वळतोय? मागच्या दांड्याला तुझा मेव्हणा लोंबतोय!"

दोघंतिघं हसले. गावकार म्हणाला, "अरे वा! घाट्याला देवाची भाषा कळायला लागली. उद्या बैलाची पण कळेल." मग सगळा गाव हसला. माझ्यापेक्षा त्याचा विनोद चांगला होता, हे कबूल करायला हवं.

पालखी वळून शेजारच्या अंगणात गेली. आजा लंगडत मागं गेला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. आत गाऱ्हाणं सुरू झालं, "बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या लेकराबाळांची रखवाली कर."

"व्हय म्हाराजा!" आजाचा आवाज सगळ्यांच्या वर.

त्यानं कुंपणावरून नारळ पुढं केला. तो मात्र घेतला त्यांनी. नारळ कुठला, हे कोणी विचारलं नाही. फोडून एक तुकडा कुंपणावरून परत दिला. आजानं घरी आणून तो दातानं तोडून आईला दिला, मला दिला, आणि म्हणाला, "अंगणापतूर आला की न्हाई द्येव?"

दुसऱ्या दिवशी गावकार दारात हजर. "म्हातारबा, कौल लावला. देवळाभोवती भिंत घातलीस तर देव नक्की येतो म्हणतो."

मी म्हटलं, "आजा, भिंत झाली की देव विहीर मागेल."

आजानं टिकाव खांद्यावर टाकला. "लगीन तुला करायचंय का मला? उचल टोपली."

उचलली.

भिंत कमरेएवढी झाली आणि आजा खाणीतच गेला. टिकाव हातात होता. गावकार मयताला आला, "कष्टाळू माणूस" म्हणाला, आणि अंगणात तासून ठेवलेले चिरे कधी न्यायचे ते विचारून गेला. उरलेली भिंत मी घालायची ठरली. माझ्या हातचा पहिला थर बघून त्यांनीच नको म्हटलं.

बायको शेवटी घाटावरूनच आणली. तिकडं पालखीचं कोणी विचारत नाही. पहिल्या शिमग्याला बिचारीनं अंगण सारवलं, आणि ढोल ऐकू आल्यापासून पदर सावरत दारात उभी राहिली.

"आपल्याकडं कवा येती हो पालखी?"

"वाटेत आहे," मी म्हटलं.