भिंगापासून भिंतीपर्यंत

आई गेल्यापासून आबांचं एकच पालुपद होतं. फोनमधली तुझी आई लई बारीक हाय, मोठी असती तर दिसली असती. त्यांना काचबिंदू होता. थेंब घालायचा कंटाळा, आणि विचारलं की "दिसतंय की" हे उत्तर ठरलेलं. टीव्हीवर फोटो लावून दिला, तर म्हणाले, भिंतभर पाहिजे. तरुणपणी जत्रांतल्या तंबू थेटरात सिनेमाचं मशीन चालवलेला माणूस, त्याला टीव्ही काय पुरणार! मलाही त्यांना ती एकदा दाखवायचीच होती. हट्टात मी त्यांचीच लेक.

यवतच्या एका भंगारवाल्याकडे तसल्याच मशीनचं भिंग मिळालं. पितळी नळी, वरचा आकडा झिजून गेलेला. भिंग कितीचं ते कळल्याशिवाय फोन त्याच्यामागे किती लांब ठेवायचा हे ठरेना. दौंडला सासरी राहते मी, तिथून ते घेऊन न्हावऱ्याला माहेरी आले. दुपारी आतल्या खोलीत दार उघडं ठेवून भिंग समोरच्या भिंतीजवळ धरलं आणि मागेपुढे करत राहिले. एका जागी भिंतीवर लांबचं चिंचेचं झाड उमटलं, उलटं, पण पानं हलणारं. भिंगापासून भिंतीपर्यंत टेपने मोजलं. शाळेत नाभीय अंतर म्हणून नुसतं घोकलेलं ते वीतभरही नव्हतं. टेप आईच्या शिवणाच्या डब्यातली. डबा उघडताना मला रडू आलं आणि मी पोटभर रडून घेतलं.

बुटांच्या खोक्यात भिंगामागे तेवढ्याच अंतरावर, किंचित जास्त सोडून, फोन उलटा बसवला. दार लावलं, खिडक्यांवर गोधड्या टाकल्या. राहिलं ते चित्र स्वच्छ करणं. तंबूत मशीनवाल्याला पडदा फार लांब पडायचा, म्हणून खेळाआधी कुणीतरी पडद्याशी उभं राहायचं आणि चित्र नीट बसलं की "बास" अशी हाळी द्यायचं. कवठे येमाईच्या जत्रेत, नवी नवरी असताना, ते काम आईने केलं होतं. आता तिच्या जागी आबा उभे राहिले आणि मशीनवर मी. वाटणी त्यांनीच केली, तीही तोऱ्यात.

मी नळी सरकवू लागले. भिंतीवर हिरवा पदर पसरला, मग कपाळ, मग नाक. आई पुरती स्वच्छ झाली. आबांची "बास" काही आली नाही. मी नळी आणखी सरकवली तशी ती पुन्हा विरली. झोपलात की काय, मी विचारलं. जरा सावकाश घे की, ते म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तेवढ्यात फोनचा उजेड आपोआप मालवला. खोलीत काळोख झाला. मी फोनवर बोट टेकवणार, तोच भिंतीकडून त्यांचा आवाज आला.

"बास. आता हलवू न्हको. किती ठसठशीत दिसती गं."

इतके दिवस ते मला "दिसतंय की" म्हणत होते आणि मी ते खरं धरून चालले होते. हुंदका आला, तो मी पदरात दाबला.

"नाही हलवत, आबा," मी म्हणाले.

ते बराच वेळ तिथे उभे होते. मी फोनचा उजेड पुन्हा लावला नाही.