भिंतीला कान लावणारे गणपतराव

गणपतराव भिंतीला कान लावून वीज ऐकत. सीताबर्डीला त्यांच्या घरी मी भाडेकरू म्हणून गेलो, त्या दिवशीही ते असेच स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून उभे होते. मला म्हणाले, "थांबा जी मास्तर, करंट वाहून राहिला. तुम्हाले नाही ऐकू येनार, त्याले कान लागते." मी ऐकले. पलीकडे त्यांच्या पत्नी कौसल्याबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या.

विजेतले त्यांना काडीइतकेही कळत नव्हते. जिनिंग कारखान्यात ते कापूस तोलणारे कारकून. जन्म विणकराच्या घरातला, पण त्याची त्यांना लाज वाटे. उमरेडला अजून माग चालवणाऱ्या मेव्हण्याला ते "अंधारातला मानूस" म्हणत. घरातली सगळी वायरिंग त्यांनी स्वतः केली होती. स्वयंपाकघरातला दिवा ओसरीतल्या बटणाने लागे आणि बटणाला हात लावला की झिणझिण्या येत. कौसल्याबाई ते लाकडी चाटूने दाबत. "झिनझिन्या येते म्हनजे करंट ताजा हाय," हे गणपतरावांचे शास्त्र.

फ्यूज वारंवार जाऊ लागला तेव्हा वीज कंपनीच्या वायरमनने त्यांना बजावले, की ही बारीक तार जळते म्हणूनच घर जळत नाही. त्यावर गणपतराव हसले. "जे जळते ते कमजोर, गा! कमजोर वस्तू घरात काहून ठेवाची?" वायरमनची पाठ फिरताच त्यांनी तारेच्या जागी खिळा बसवला. दिवे जाईनात, तेव्हा लोकांना चहाला बोलावून तो खिळा दाखवला. मी बोलून पाहिले. "तुम्ही पोरायले कविता शिकवा जी," एवढेच उत्तर मिळाले. मी माझ्या खोल्यांची जोडणी तोडून घेतली आणि कंदील आणला.

वैशाखात त्यांनी कुठूनशी जुनी विजेची शेगडी आणून दिव्याच्या तारेला जोडली. भर दुपारी लाकडी पट्टीतली तार तापून पेटली आणि खाली रचलेल्या गाद्यांनी आग धरली. पहिले बाहेर आले ते गणपतराव. डोक्यावर टोपी, बगलेत टेबलपंखा. पाय अधू झालेली त्यांची म्हातारी आई आतच होती. कौसल्याबाई धुरात शिरल्या आणि सासूला पाठीवर घेऊन बाहेर आल्या. त्यांचे केस होरपळले होते, एक हात कोपरापर्यंत भाजला होता. मी मेन स्विच बंद केला, शेजाऱ्यांनी माती टाकून आग विझवली. गणपतराव तोवर रस्त्यावर जमलेल्या लोकांना समजावत होते, "फॉल्ट कंपनीचा हाय. त्यायनं करंट जास्त सोडला."

अंगणात बसवलेल्या म्हातारीने सुनेचा पदर धरला. "सुनबाई, तुह्या भावाकडे घेऊन चाल वं मले."

"काहून?" गणपतराव म्हणाले. "दोन दिवसात मी सारं दुरुस्त करतो."

"म्हनूनच चाल म्हनून राहिली."

हाताला पट्टी बांधून झाली तशा त्या दोघी मोटारीने उमरेडला गेल्या. त्यांना परत आणायला गणपतराव कधी गेले नाहीत. "बायकायले विज्ञान समजत नाही," असे म्हणत त्यांनी त्याच काळ्या भिंतींवर नव्या तारा ठोकल्या. मी बिऱ्हाड हलवले. त्यांची मला कधी कीव आली नाही.

काही वर्षांनी मुदतीच्या तापाने ते गेले. निरोप घेऊन उमरेडला जायला कोणी तयार होईना, म्हणून मी गेलो. म्हातारी मागाजवळ बसून कांड्यांवर सूत भरत होती.

"गणपतराव वारले," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "आगीत आनखी कोनी सापडलं तं नाही ना?"

"नाही आई. तापाने गेले. एकटेच होते."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मग तोंडात पदर कोंबून रडू लागली. कौसल्याबाई उठल्या आणि त्यांनी आंघोळीचे पाणी चुलीवर ठेवले.